शुक्रवारचा खण

स्टुलावर बसण्याआधी ते त्यावर एकदा हात फिरवत. धूळ नसली तरी.

चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नवी काडी आणून शर्टाच्या खिशात ठेवलेली, ती बसवायला मुहूर्त लागत नव्हता.

कात्री काउंटरच्या उजव्या बाजूला, टोक भिंतीकडे. दुसऱ्या कुणी ती तिरपी ठेवली तर बोलत नसत, फक्त कात्रीकडे बघत राहत.

कानामागे पेन्सिल. पेन कधीच नाही. "पेनाने लिहिलेलं लोक खरं धरतात," असं म्हणत.

फोन वाजला की आधी घड्याळाकडे बघत, मग रिसीव्हर उचलत.

"बरं आहे" हे दोनदा म्हणत. एकदा समोरच्याला, एकदा स्वतःला.

आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, साधं खोकल्याचं औषध मागणाऱ्यालाही, विचारत: "आज वार कोणता?"

यावरून गल्लीत सगळे त्यांना वारकाका म्हणत. खरं नाव दुकानाच्या हजेरीवहीत होतं, ते तिथेच राहिलं. मी नुसतं काका म्हणायचे. ते गेले त्याला आज सोळा दिवस झाले. सकाळी दुकानात शिरताना मी अजून मनात वार तयार ठेवते.

मी साहित्यात एम.ए. केलं, दोन वर्षं नोकरी शोधली आणि शेवटी घराजवळच्या मेडिकलमध्ये काउंटरवर लागले. पहिल्या दिवशी मालकांनी ओळख करून दिली, "ह्या एम.ए. आहेत."

काकांनी मान वर केली. "कशात?"

"साहित्यात."

"म्हणजे डॉक्टरांचं अक्षर लागत असेल."

"नाही हो."

"मग माझ्यासारखीच," असं म्हणून ते सरकले आणि मला जागा दिली. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'एमे' झाले.

काका सातवी शिकलेले. आताच्या मालकांच्या वडिलांकडे बाटल्या धुवायला लागले आणि हळूहळू काउंटरपर्यंत आले; दुकानात एकूण एकतीस वर्षं. औषधांचं शिक्षण आणि परवाना मालकांकडे. पण गिऱ्हाईक मालकांकडून औषध घेई आणि तिथून दोन पावलं सरकून काकांसमोर उभं राही. कारण औषध कसं घ्यायचं ते काका सांगत.

सांगत म्हणजे काढून दाखवत. कागदी पुडीवर पेन्सिलीने सात चौकोन. प्रत्येकावर वाराचं पहिलं अक्षर. ज्या वारी गोळी, त्या चौकोनात एक टिंब. मग पुडी गिऱ्हाइकाकडे न देता स्वतःच्या हातात धरून म्हणत, "आता तुम्ही मला सांगा."

गिऱ्हाईक सांगे. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"काका, औषध देताय की परीक्षा घेताय?"

"परीक्षाच. पेपर फुटलेला आहे, पुडीवर बघून सांगा."

मागे रांग वाढे. मालक आतून म्हणत, "काका, रांग बघा जरा."

"बघितली. एवढा वेळ उभे राहू शकतायत म्हणजे तब्येती बऱ्या आहेत."

रांगेतले हसत. मालक हसत नसत. मागच्या वर्षी त्यांनी लेबल छापायचं यंत्र आणलं. बटण दाबलं की चिठ्ठीतलं जसंच्या तसं इंग्रजीत छापून येई. काकांनी यंत्राला नावं ठेवली नाहीत. ते लेबल नीट चिकटवत आणि त्याच्या खाली सात चौकोन काढत.

काकांना इंग्रजी येत नव्हतं. आठवड्याचं तेवढं येत होतं, आणि तेवढं माझ्यापेक्षा चांगलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत वारांसाठी जे जे शब्द येतात ते त्यांनी एका चाळीस पानी वहीत उतरवले होते. पानाला एक शब्द, खाली चौकोन. वीकली: एक चौकोन भरलेला. ट्वाइस वीकली: दोन भरलेले, पण शेजारी-शेजारी नाहीत. मध्ये अंतर हवं, हे त्यांनी तीन डॉक्टरांना विचारून पक्कं केलं होतं. आल्टरनेट डेजच्या पानावर चौकोनांच्या दोन ओळी.

"दोन ओळी कशाला?" मी विचारलं.

"आठवडा सातांचा. एकाआड एक मोजत गेलीस की पुढच्या आठवड्यात वार बदलतात. मोज की."

मी बोटांवर मोजलं. बदलत होते. एवढी वर्षं शाळा-कॉलेजात काढली आणि ही गोष्ट कधी मोजून पाहिली नव्हती.

फॉर्टनाइटच्या पानावर मी जरा पुढे झाले. "पंधरवडा," मी म्हणाले.

"पंधरवडा म्हटलं की माणूस पंधरा दिवस धरतो. वार एकाने घसरतो. चौदा चौकोन काढायचे. सोमवारी घेतली तर पुन्हा सोमवारीच."

एवढं शिकून गिऱ्हाइकासमोर मात्र त्यातला एकही शब्द ते उच्चारत नसत. तिथे सोमवार, मंगळवार. आमच्या मागच्या गल्लीत कारखाने आहेत, त्यांची सुट्टी गुरुवारी. एका लेथवाल्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही गोळी फक्त वीकेंडला. काकांनी त्याला म्हणून दाखवायला लावलं तर तो म्हणाला, "गुरुवारी घ्यायची. आमची सुट्टी तेव्हाच असते."

"डॉक्टरांची सुट्टी धर बाबा, तुझी नको," काका म्हणाले, आणि शनिवार-रविवारवर टिंबं दिली.

इंग्रजी शब्द लागत ते डॉक्टरांना फोन करताना. "डॉक्टर, वीकडेज म्हणजे मंडे टू फ्रायडे, बरोबर? सॅटर्डे नाही ना?" काही डॉक्टर चिडत. एक म्हातारे डॉक्टर मात्र या फोनांना कंटाळून चिठ्ठीवर स्वतःच सात अक्षरं लिहायला लागले. ती चिठ्ठी काकांनी कितीतरी दिवस काचेखाली लावून ठेवली होती.

माझ्या पहिल्याच महिन्यात एका दुपारी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. वीकेंडचं पान. शनिवार आणि रविवार भरलेले. शुक्रवारच्या चौकोनात नुसती एक तिरपी रेघ.

"एमे, वीकेंड सुरू कधी होतो?"

"शुक्रवारी संध्याकाळी," मी लगेच म्हणाले. कादंबऱ्यांत तसंच असतं.

"गोळी रात्री आठला घ्यायची आहे. मग शुक्रवारची आत की बाहेर?"

मी घरी जाऊन तीन शब्दकोश काढले. दोन म्हणत होते शनिवार-रविवार. तिसरा म्हणत होता, शुक्रवार संध्याकाळपासून. दुसऱ्या दिवशी मी तसं सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

"म्हणजे पुस्तकांचंही एकमत नाही. मग दर वेळी लिहिणाऱ्यालाच विचारायचं. बरं आहे." मग खाली बघून, "बरं आहे."

तिरपी रेघ तशीच राहिली.

त्यांच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. त्यात गोळ्यांच्या पट्ट्यांचे कापलेले तुकडे असत. दहाच्या पट्टीतून कुणाला सहाच गोळ्या हव्या असल्या तर पट्टी कापावी लागते. काका अशी कापत, की नाव आणि सूचना छापलेलं टोक गिऱ्हाइकाकडे जाईल. उरलेल्या कोऱ्या तुकड्यांना ते 'मुक्या पट्ट्या' म्हणत. त्या कुणालाच देत नसत. महिन्याच्या शेवटी मोडून टाकत.

मालकांचा यावर राग. "काका, दुकान माझं आहे."

"दुकान तुमचं. कात्री माझी."

मी एकदा विचारलं, मुकी पट्टी दिली तर काय होतं? दुपारची वेळ, दुकान रिकामं. त्यांनी कात्रीचं टोक भिंतीकडे वळवलं.

"ताईला सांध्यांचा त्रास," ते म्हणाले. "माझी मोठी बहीण. अकरा वर्षं झाली याला. डॉक्टरांनी गोळी दिली, आठवड्यातून एक. आठ गोळ्या, दोन महिन्यांच्या. पट्टी दहाची. मी दोन कापून घेतल्या आणि आठ दिल्या. आठवड्यातून एकदाच, हे छापलेलं होतं त्या कापलेल्या दोन गोळ्यांच्या पाठीवर. ते राहिलं दुकानात."

"पण पुडीवर लिहिलं असेल ना तुम्ही?"

"लिहिलं की. चिठ्ठीत होतं तसंच. वन वीकली, इंग्रजीत. पंधरा वर्षं तसंच उतरवत होतो. चित्र बघून चित्र काढावं तसं. वाचत कुठे होतो?"

बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. ते थांबले. तो माणूस शेजारच्या दुकानात गेला.

"तिच्या बाकीच्या गोळ्या रोजच्या. हीपण रोज घेतली. आठ दिवसांत आठ संपवल्या. तोंड आतून सोलवटून निघालं. पाणी गिळता येईना. तेवीस दिवस दवाखान्यात. विंचरलं की केस हातात यायचे."

"आता?"

"आहे. बरी आहे. पण त्या वेळी मी उशाशी बसलो होतो. मी म्हटलं, ताई, तू विचारलं का नाहीस कुणाला? तर म्हणाली, अरे, तू दिलीस. मग मी कुणाला विचारणार?"

त्यांनी चष्मा काढून दोऱ्याची गाठ तपासली.

"शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी वही घातली.

आता लिफ्टवाल्या आजोबांविषयी सांगते. चौतीस वर्षं त्यांनी एका ऑफिसची लिफ्ट चालवली. आता राहतात तिसऱ्या मजल्यावर, एकटे, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. "जन्मभर लोकांना वर नेलं, आता मला न्यायला कुणी नाही," हा विनोद ते प्रत्येक खेपेला करत आणि काका प्रत्येक खेपेला हसत. त्यांच्या पायात एकदा रक्ताची गाठ झाली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज रात्री आठला. जास्त झाली तर रक्त वाहतं, कमी झाली तर गाठ होते. दर महिन्याला रक्त तपासायचं आणि त्यावर डॉक्टर मात्रा ठरवणार.

आजोबांची नजर गेलेली. चौकोन दिसत नाहीत. म्हणून काकांनी त्यांना सात खणांची डबी आणून दिली. ती डबी दर सोमवारी सकाळी दुकानात यायची आणि काका भरून द्यायचे. पण खणावरची अक्षरंही आजोबांना दिसत नव्हती.

"सोमवार तळमजला," काका म्हणाले. "मंगळवार पहिला. असं बोटाने वर जायचं."

"मग रविवार?"

"सहावा."

आजोबा खूश. "आमच्या ऑफिसला सहाच मजले होते!"

त्यानंतर काकांनी वार विचारला की आजोबा मजला सांगत. बुधवारी आले तर म्हणत, "दुसरा. बाहेर पडताना पाय सांभाळा."

शेवटच्या सोमवारी आजोबा नवीन चिठ्ठी घेऊन आले. सात अक्षरं लिहिणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना सोडला होता, त्यांच्या जागी तरुण डॉक्टर आले होते. चिठ्ठी छापील. वीकडेजला एक, वीकेंडला अर्धी.

काकांनी ती तीनदा वाचली. मग घड्याळाकडे बघून फोन लावला. दवाखान्यातल्या मुलीने सांगितलं, डॉक्टर परगावी गेलेत, फोन लागणार नाही, शुक्रवारी पाचला बसतील. काकांनी तरी विचारलं. तिचा आवाज मला माझ्या जागेवर ऐकू आला. "अहो, वीकेंड म्हणजे वीकेंड. त्यात विचारायचं काय?"

"बरं आहे," काका म्हणाले. रिसीव्हर ठेवला. "बरं आहे."

त्यांनी डबी उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार गोळ्या. पुढचे तीन खण तसेच ठेवून झाकणं लावली.

"आजोबा, लिफ्ट तिसऱ्यापर्यंत चालू आहे. चौथ्याचं शुक्रवारी सांगतो. डबी घेऊन या."

"दुरुस्तीला किती वेळ?"

"एका फोनाचा."

आजोबा गेल्यावर मी म्हणाले, "काका, शुक्रवार वीकडेजमध्येच असणार."

"असणार. नव्वद टक्के."

"मग टाकायची की."

त्यांनी पेन्सिल कानामागून काढली. "ताईच्या वेळी मी शंभर टक्के होतो," ते म्हणाले.

मग वहीच्या मागच्या पानाचा एक तुकडा फाडला, त्यावर काही लिहिलं आणि काउंटरच्या काचेखाली सरकवला.

गुरुवारी सकाळी ते घराच्या पायरीवर बूट घालायला बसले आणि उठले नाहीत. काकूंना वाटलं, नेहमीसारखे बूट पुसत बसलेत. पोळपाट धुऊन बाहेर आल्या तेव्हा ते भिंतीला टेकले होते. मालकांचा मला फोन आला. सगळं ऐकून झाल्यावर मी त्यांना विचारलं, आज वार कोणता? ते म्हणाले, "गुरुवार. का गं?"



शुक्रवारी मालकांनी दुकान उघडलं. औषधांचं दुकान, दोन दिवस बंद ठेवता येत नाही. आम्ही दोघंच. लेबलचं यंत्र चालू होतं. लोक लेबल लावलेली पुडी घेत, सवयीने दोन पावलं सरकत आणि रिकाम्या स्टुलासमोर उभे राहत. मग मी त्यांच्याकडे जायचे. मला चौकोन सरळ काढता येत नव्हते.

अकराच्या सुमाराला आजोबा आले. काठी, दुसऱ्या हातात डबी.

"चौथा मजला!" ते दारातूनच ओरडले. "आज कुणी वार विचारला नाही तो? कुठाय हा?"

मालक आत वळले. सांगायचं माझ्यावर आलं.

"आजोबा, काका गेले. काल सकाळी."

"कुठे?"

विचारता विचारताच त्यांना कळलं. ते काउंटरला धरून उभे राहिले. हात काचेवर पसरलेला. नखं नीट कापलेली होती, ती काकाच कापून द्यायचे, हे मला त्याच वेळी आठवलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डबी काचेवर ठेवली आणि बोट तळमजल्यापासून फिरवत वर नेलं. एक, दोन, तीन, चार झाकणं. पाचव्यावर बोट थांबलं.

"मग चौथ्याचं काय?" ते म्हणाले.

मालक बाहेर आले. चिठ्ठी बघितली. "वीकडेज एक. आज शुक्रवार. एक टाक, शनिवार-रविवार अर्धी-अर्धी टाक आणि सोड त्यांना घरी. किती जिने चढायचेत त्यांना."

मी पट्टी हातात घेतली. झाकण उघडलं. खण अगदी लहान असतो. आत गोळी पडली की टिक असा आवाज येतो. काका भरायचे तेव्हा तो आवाज मी मोजत असे.

"एकच असणार ती," मालक म्हणाले. "नव्वद टक्के."

"सोमवारी काकाही नव्वद टक्केच म्हणाले होते."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ताईची ती पुडी त्यांच्याच दुकानातून गेली होती. त्यांनी काकांचं स्टूल काउंटरच्या बाहेर नेलं, त्यावर एकदा हात फिरवला आणि आजोबांना म्हणाले, "बसा. डॉक्टर पाचला येतात. घरी जाऊन परत यायचं म्हणजे तीन जिने दोनदा. डबा मागवतो तुमच्यासाठी."

आजोबा बसले. "लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली की आम्ही लोकांना हेच सांगायचो," ते म्हणाले. "दार ओढू नका. वरून माणूस येईपर्यंत थांबा."

मी पट्टी खाली ठेवली, कापली नाही. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. डबी काचेवर उघडी, वरचे तीन खण अजून भरायचे. तिच्या बरोबर खाली, काचेच्या आत, काकांनी सोमवारी सरकवलेला तो तुकडा. पेन्सिलीने लिहिलं होतं: 'लिफ्ट आजोबा. शुक्रवार रात्र, एक की अर्धी? शुक्र. ५ वा. डॉक्टरांना फोन.' पुढे उत्तरासाठी एक चौकोन काढून ठेवलेला. त्याच्या तीनच बाजू झाल्या होत्या. त्या वेळी बहुतेक कुणीतरी गिऱ्हाईक आलं असावं.